रिलीजची तारीख उलटी मोजा

आमच्या छोट्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं पहिलं ‘ठरवून केलेलं’ रिलीज रात्री पावणेबाराला बाहेर पडलं. ठरलं होतं एवढंच, की २.० ही आवृत्ती महिनाअखेर काढायची. आम्ही तिघं, आणि तिघांच्या डोक्यातली महिनाअखेर वेगवेगळी. एक जण तोवर कोड लिहीत राहणार होता, दुसरा तोवर सगळं तपासून मोकळा होणार होता आणि मी धरून चाललो होतो, की त्या दिवशी ते लोकांच्या हातात असेल. शेवटच्या संध्याकाळी कॉन्फिग फाइल वाचणारा भाग नव्याने लिहून मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडात मिसळला. टेस्ट हिरव्या दिसल्या, मी टॅग मारला (कोडवर आवृत्तीची खूण केली), पॅकेज चढवलं आणि झोपलो. सकाळी पाहतो तर अकरा इश्यू, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: इन्स्टॉल होतं, पण सुरूच होत नाही. टेम्प्लेटची एक फाइल पॅकेजमध्ये गेलीच नव्हती. आमच्या मशिनवर सगळं सुरळीत होतं, कारण आमच्यापैकी कोणीही ते पॅकेज कधी इन्स्टॉल करून पाहिलं नव्हतं. आम्ही थेट सोर्सच्या फोल्डरमधून चालवत होतो.

ते तपासायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं कुठल्याच दिवसाच्या नावावर लिहिलेली नव्हती.

दोन ते पाच जणांच्या, फावल्या वेळात चालणाऱ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये ज्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच रिलीजची जबाबदारी पडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मोठ्या प्रोजेक्टांची उदाहरणं मध्ये मध्ये येतील. त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलायचं नाही, त्यामागचं कारण तेवढं घ्यायचं.

पायरी १: गाडी वेळेवर सुटणार, की भरल्यावर?

रिलीज काढण्याच्या दोन रीती आहेत. एकीत कामांची यादी ठरते आणि ती संपली की रिलीज निघतं. दुसरीत तारीख ठरते आणि त्या तारखेला जे तयार असेल ते जातं, बाकीचं पुढच्या वेळी. पहिली रीत ऐकायला शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात तिने भल्याभल्यांना दमवलं आहे.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, २.४ जानेवारी २००१ मध्ये आलं आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं नवं काम वेगळ्या, अस्थिर मालिकेत साचत राहिलं. डेबियन या लिनक्स वितरणाचंही तसंच झालं: ३.० आलं जुलै २००२ मध्ये, ३.१ जून २००५ मध्ये. पर्ल ६ या प्रोग्रामिंग भाषेची घोषणा २००० सालची आणि पहिलं स्थिर रिलीज डिसेंबर २०१५ मधलं.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पुढचं रिलीज कधी येईल हे कोणालाच माहीत नसलं, की प्रत्येकाला आपलं काम याच रिलीजमध्ये कोंबायचं असतं. ही गाडी चुकली तर पुढची वर्षाने येणार की दोन वर्षांनी, काय सांगावं? म्हणून अर्धवट कामही आत शिरतं, त्याच्या दुरुस्तीत महिना जातो, त्या महिन्यात आणखी दोघे आपापलं घेऊन येतात आणि तारीख पुढे सरकते. तारीख सरकली हे दिसल्यावर आणखी चार जणांना धीर येतो. उशीरच उशिराला जन्म देतो.

तारीख पक्की आणि जवळची असली की ही ओढाताण आपोआप सैल पडते. उबुंटू हे लिनक्स वितरण ऑक्टोबर २००४ पासून दर एप्रिल-ऑक्टोबरला येतं आणि आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष नि महिना असतो: पहिलं ४.१०. ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप मार्च आणि सप्टेंबरमध्ये येतो. कर्नलनेही आपली रीत बदलली आणि आता दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. तिथे कोणाचं काम हुकलं तर दोन-अडीच महिने थांबावं लागतं, बस्स.

यादीवर अडून राहावं असे प्रसंगही असतात. तुमचं १.० असेल, किंवा साठवलेल्या डेटाचा फॉरमॅट बदलत असेल आणि अर्ध्यावर सोडलं तर लोकांच्या फाइली उघडणारच नाहीत, तर काम पुरं होईपर्यंत थांबा. एरवी माझा कौल तारखेला. नवख्या माणसाला तर नक्कीच, कारण तारीख हाताशी असली की ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. त्यावर पुढे येतोच.

पायरी २: दोन रिलीजमध्ये अंतर किती?

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा सहा आठवड्यांनी येते. मे २०१५ मधल्या १.० पासून हाच क्रम आहे. फायरफॉक्स २०११ मध्ये सहा आठवड्यांवर आलं आणि २०२० पासून चार आठवड्यांवर. लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती सहा महिन्यांनी निघते, पायथन भाषेची आणि पोस्टग्रेस डेटाबेसची वर्षातून एकदा. म्हणजे ‘बरोबर’ अंतर असं काही नसतं. तीन गोष्टी पाहून ते ठरवायचं.

पहिली: एक रिलीज बाहेर काढायला हाताने किती तास लागतात? मागच्या वेळचं आठवा आणि प्रामाणिकपणे लिहा. सगळं मिळून दोन शनिवार-रविवार जात असतील तर दर महिन्याला रिलीज काढायचा विचार सोडून द्या. कोड लिहायला वेळच उरणार नाही. दुसरी: वापरणाऱ्यांना अपग्रेड करणं किती जड जातं? ब्राउझर स्वतःच अपडेट होतो, त्याला चार आठवडे चालतात. डेटाबेस बदलायचा तर लोक बॅकअप घेतात, रात्र ठरवतात. सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबर्नेटिसने २०२१ मध्ये वर्षाला चारऐवजी तीन रिलीज केली, त्यामागे वापरणाऱ्यांची आणि रिलीज काढणाऱ्यांची हीच दमछाक होती. तिसरी गोष्ट टेस्टची. ऑटोमॅटिक टेस्ट कमी असतील तर तपासणी माणसांनी करायची, आणि माणसं दर सहा आठवड्यांनी तेच तेच तपासत नाहीत. दुसऱ्या फेरीलाच ‘मागच्या वेळी चाललं होतं’ म्हणून सोडून देतात.

दोन-पाच जणांच्या प्रोजेक्टला तीन ते चार महिने ठीक पडतात. सहा महिन्यांवर जाऊ नका. तेवढ्या काळात छोट्या गटातली माणसंच बदलतात.

आणखी एक कॅलेंडर उघडून पाहा: तुमचं सॉफ्टवेअर ज्यांच्यामार्फत लोकांपर्यंत पोचतं त्यांचं. उबुंटू एप्रिल-ऑक्टोबरमध्ये येतं, पण नवी फीचर घेणं ते सुमारे दोन महिने आधीच थांबवतं. तुम्ही मार्चच्या शेवटी रिलीज काढलंत तर एप्रिलच्या उबुंटूत तुमची जुनी आवृत्ती जाते आणि तिच्यातले बग लोक पुढे कित्येक महिने तुम्हालाच कळवत राहतात. तेच रिलीज फेब्रुवारीच्या सुरुवातीला काढलं असतं तर?

पायरी ३: शेवटच्या तारखेपासून मागे या

हा लेखाचा मुख्य भाग. तारीख ठरली की बहुतेक जण आजपासून पुढे मोजतात: एवढ्या दिवसांत हे, तेवढ्या दिवसांत ते, आणि उरेल त्यात तपासणी. उरत काही नाही. म्हणून रिलीजच्या दिवशी उभं राहून मागे वळायचं आणि तपासणीचे दिवस सगळ्यात आधी राखून ठेवायचे.

एक खरं वाटेल असं वेळापत्रक मांडतो. समजा तुम्ही २.४.० काढताय, मंगळवार, १६ जून २०२६ रोजी, बारा आठवड्यांच्या चक्राने. शेवटाकडून:

३० जून – २.४.१, राहिलेल्या दुरुस्त्यांसाठी (हो, आधीच ठरवून)
१६ जून – २.४.०
९ जून – दुसरा रिलीज कँडिडेट (अंतिम म्हणून जाऊ शकेल अशी आवृत्ती), लागला तरच
२ जून – पहिला रिलीज कँडिडेट, रिलीजची ब्रांच (कोडची फांदी) वेगळी
१९ मे – स्ट्रिंग फ्रीझ (स्क्रीनवरचा मजकूर बदलणं बंद)
१४ मे – बीटा (लोकांनी तपासून पाहायची आवृत्ती)
१२ मे – फीचर फ्रीझ (नवी फीचर घेणं बंद)
२४ मार्च – चक्राची सुरुवात

आता नीट बघा. बारा आठवड्यांपैकी नवं काम मर्ज करायला मिळाले सात. पाच आठवडे फ्रीझनंतरचे आहेत. हे पहिल्यांदा मांडल्यावर ‘एवढा वेळ वाया?’ असं आमच्याकडेही कोणीतरी म्हणालंच. पायथनचं वेळापत्रक त्याच्यासमोर ठेवलं: रिलीज ऑक्टोबरमध्ये, पण फीचर फ्रीझ मे महिन्यात, पहिल्या बीटाबरोबर. वर्षाच्या चक्रात पाच महिने फक्त घट्ट करण्यासाठी. त्या मानाने आपण कंजूषच.

या यादीतली सगळ्यात महत्त्वाची तारीख १६ जून वाटते. खरी महत्त्वाची आहे १२ मे. फीचर फ्रीझ वेळेवर लागला तर रिलीज बहुधा वेळेवर येतं; तो आठवडाभर घसरला तर रिलीज वेळेवर आलं तरी कच्चं येतं, कारण कापले जातात ते तपासणीचे दिवस. डेबियनने हे फार छान पकडलं आहे. तिथे ‘तयार होईल तेव्हा’ हेच उत्तर आजही मिळतं, रिलीजचा दिवस फार आधी कोणी सांगत नाही; पण फ्रीझच्या तारखा मात्र कितीतरी आधी जाहीर होतात. २००५ नंतर त्यांचं रिलीज साधारण दोन-दोन वर्षांनी येत राहिलं आहे. तुम्हालाही एकच तारीख सांभाळता येणार असेल तर फ्रीझची सांभाळा.

वाराबद्दल दोन शब्द. मंगळवार किंवा बुधवार घ्या. लोक आपापल्या कामाच्या दिवसांत अपग्रेड करतात, तक्रारी एक-दोन दिवसांत येतात आणि तेव्हा तुम्ही जागेवर असायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज काढणं म्हणजे स्वतःच्या सुट्टीवर स्वतःच पाणी सोडणं. कर्नल रविवारी येतं हे खरं, पण ते कोणी सोमवारी सकाळी आपल्या सर्व्हरवर थेट चढवत नाही. मध्ये वितरकांची चाळणी असते. पोस्टग्रेसने तर छोट्या दुरुस्तीच्या आवृत्त्यांसाठी वारही बांधून टाकला आहे: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. सर्व्हर सांभाळणारी माणसं वर्षाच्या सुरुवातीलाच ते चार गुरुवार खुणा करून ठेवतात.

तारखेबरोबर वेळ आणि टाइम झोन लिहा. ‘१२ मेपर्यंत’ म्हणजे कोणाच्या १२ मेपर्यंत? तुमच्याकडे रात्र झालेली असते तेव्हा एखाद्याची सकाळ सुरू असते आणि तो अगदी निरागसपणे मर्ज करून मोकळा होतो. ‘१२ मे, २३:५९ यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) असं लिहिलं की वाद संपतो.

शेवटचं काम: प्रत्येक तारखेपुढे माणसाचं नाव लिहा आणि त्याला विचारा, ‘तू त्या आठवड्यात आहेस ना?’ परीक्षा, लग्नकार्य, नोकरीतली धावपळ, प्रवास. फावल्या वेळातल्या प्रोजेक्टमध्ये वेळापत्रक मोडतं ते बहुतेक याच कारणांनी, कोडमुळे क्वचितच. रिलीज कँडिडेटच्या दोन आठवड्यांत किमान दोघे जण हाताशी नसतील तर तारीख आत्ताच हलवा. आत्ता हलवायला काही लागत नाही.

पायरी ४: फ्रीझ म्हणजे काय ते लिहून ठेवा

फीचर फ्रीझनंतर नवं फीचर आत येत नाही. बग दुरुस्त्या, टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन येतं. स्ट्रिंग फ्रीझनंतर स्क्रीनवर दिसणारा मजकूर बदलत नाही, कारण भाषांतर करणाऱ्यांना निवांत वेळ हवा असतो. तुम्ही बटणावरचा एक शब्द ‘सुधारला’ की वीस भाषांतली वीस माणसं पुन्हा कामाला लागतात. रिलीज कँडिडेटनंतर फक्त ब्लॉकरच्या, म्हणजे रिलीज थांबवावं अशा बगच्या, दुरुस्त्या. एवढे तीन नियम रिपॉझिटरीतल्या एका फाइलीत असले की पुरे.

नियम लिहिणं सोपं, पाळणं अवघड. फ्रीझच्या दुसऱ्या दिवशी हमखास एक पुल रिक्वेस्ट (‘माझा कोड आत घ्या’ अशी मागणी) येते. आमच्याकडची एक मला चांगली आठवते. मुलगा नवा, हुशार, पहिलंच मोठं योगदान. खाली लिहिलं होतं: ‘सर, फक्त चाळीस ओळी आहेत. टेस्टपण लिहिल्यात. प्लीज या रिलीजमध्ये घ्या ना.’ कोड खरोखर चांगला होता. मोह झाला. चाळीस ओळी वाचायला वीस मिनिटं. पण त्या चाळीस ओळींनी आणखी काय हललं ते शोधायला जे पाच आठवडे आपण राखून ठेवलेत, त्यातला एक दिवस आधीच गेलेला. आणि त्याची घेतली तर परवा येणाऱ्या साठ ओळींना काय सांगणार? मी लिहिलं: ‘काम छान झालंय. फ्रीझ काल लागला, त्यामुळे या रिलीजमध्ये नाही. रिव्ह्यू आत्ताच करून ठेवतो, ब्रांच वेगळी झाली की मेनमध्ये पहिली मर्ज तुझी.’ आणि ब्रांच वेगळी झाल्यावर खरोखर पहिली मर्ज त्याची केली. हे शेवटचं विसरायचं नाही. ‘पुढच्या गाडीत घेतो’ म्हणून ज्याला उतरवलं, त्याला पुढच्या गाडीत जागा मिळाली नाही तर तो तिसऱ्यांदा स्टेशनवर येत नाही.

कर्नलमध्ये हीच शिस्त उलट्या बाजूने लावलेली आहे: चक्राच्या सुरुवातीचे दोन आठवडे मर्जची खिडकी उघडी, मग बंद. त्यानंतर दर आठवड्याला एक रिलीज कँडिडेट, साधारण सातव्या किंवा आठव्यापर्यंत, आणि त्यात फक्त दुरुस्त्या. हुकलेल्याला पुढची खिडकी कधी उघडणार ते माहीत असतं, म्हणून भांडण फारसं होत नाही.

फ्रीझच्या दिवशी अर्धवट राहिलेल्या फीचरचं काय? दोनच मार्ग. एक तर सेटिंगमागे लपवा, मुळात बंद ठेवा. नाहीतर सरळ मागे घ्या. ‘चार दिवसांत होईल’ हा तिसरा मार्ग दिसतो तसा नसतो.

ब्रांच वेगळी काढण्याबद्दल: छोट्या गटाने फीचर फ्रीझलाच ब्रांच काढू नये. काढली की सगळे नव्या कामाकडे पळतात आणि रिलीजच्या ब्रांचवर तुम्ही एकटे उरता. पहिल्या कँडिडेटपर्यंत मेन ब्रांचच बंद ठेवा, म्हणजे हात दुरुस्तीला लागतात. ब्रांच काढल्यावर प्रत्येक दुरुस्ती आधी मेनमध्ये करा आणि तिथून रिलीजच्या ब्रांचवर उचलून न्या. उलट केलंत तर एखादी दुरुस्ती मेनमध्ये न्यायची राहून जाते आणि २.४ मध्ये बरा झालेला बग २.५ मध्ये पुन्हा उगवतो. लोकांना यासारखा राग कशाचाच येत नाही.

पायरी ५: कशासाठी थांबायचं, हे थंड डोक्याने ठरवा

रिलीजच्या आदल्या रात्री प्रत्येक बग भयंकर दिसतो. म्हणून ब्लॉकर कोणता, हे चक्राच्या सुरुवातीला लिहून ठेवायचं. आमची यादी अशी: डेटा जातो किंवा बिघडतो, स्वच्छ मशिनवर इन्स्टॉल किंवा सुरू होत नाही, सुरक्षेतलं भोक आहे, मागच्या आवृत्तीत चालणारी, रोजच्या वापरातली गोष्ट आता चालत नाही. एवढंच.

यात एक बोचरं वाक्य दडलेलं आहे: मागच्या आवृत्तीतही असलेला बग ब्लॉकर नसतो. तो कितीही लाजिरवाणा असला तरी रिलीज थांबवून वापरणाऱ्याचा काही फायदा होत नाही. त्याच्याकडे तो आधीपासून आहेच. आमची निम्मी भांडणं या एका वाक्याने मिटली.

फेडोरात हे निकष लेखी असतात आणि रिलीजआधी ‘गो/नो-गो’ अशी बैठकच होते: निकषात बसणारा बग उघडा आहे का? असेल तर थांबा. तुमच्याकडे तिघांनी अर्धा तास कॉलवर येणं म्हणजेच ती बैठक. कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, १५ जून.

थांबायची वेळ आलीच तर एका वेळी एकच आठवडा थांबा, नवी तारीख लगेच सांगा आणि फ्रीझ उठवू नका. ‘आठवडा मिळालाच आहे तर ते राहिलेलं फीचर…’ असं कोणी म्हणालं की आठवड्याचा महिना होतो. आणि घसरण पुढच्या चक्रावर लादू नका. उबुंटूची २००६ मधली आवृत्ती एप्रिलमध्ये यायची होती, त्यांची पहिली दीर्घकाळ सांभाळायची आवृत्ती म्हणून ती घट्ट करायला सहा आठवडे वाढवून घेतले आणि ती जूनमध्ये, ६.०६ म्हणून आली. पुढची मात्र ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्येच आली, ६.१०. ते एक चक्र आखूड झालं, बाकीचं कॅलेंडर जागच्या जागी राहिलं.

पायरी ६: बीटा आणि कँडिडेट कोणीतरी खरोखर वापरायला हवेत

बीटा काढला, घोषणा केली, दोन आठवडे शांतता. मग अंतिम आवृत्ती निघाल्यावर पहिल्या तासात सात बग. असं सगळ्यांचंच होतं. ‘कृपया तपासून पाहा’ हे आवाहन सर्वांना केलं की ते कोणालाच केलेलं नसतं. त्याऐवजी गेल्या वर्षात चांगले, तपशीलवार बग कळवणारी पाच-सहा माणसं शोधा आणि त्यांना नावाने लिहा: ‘तुम्ही मोठ्या फाइली वापरता, बीटात तो भाग बदललाय, एकदा तुमच्या फाइलींवर चालवून बघाल का?’ सहापैकी तिघं-चौघं नक्की बघतात. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरची माणसं निवडा.

कँडिडेटचा नियम कडक ठेवा: शेवटचा कँडिडेट आणि अंतिम आवृत्ती यांत क्रमांकाशिवाय काही बदललेलं नसावं. एक ओळ बदलली तरी नवा कँडिडेट, आणि त्याला पुन्हा काही दिवस. ९ जूनची जागा त्यासाठीच आहे. नाव जर ‘कँडिडेट’ आहे, तर तो जसाच्या तसा बाहेर पडण्याच्या लायकीचा हवा.

आणि तो चढवायचाही त्याच वाटेने, ज्या वाटेने अंतिम आवृत्ती जाणार आहे. पायथनचं पॅकेज असेल तर २.४.० च्या पुढे ‘आरसी १’ (पहिला रिलीज कँडिडेट) लावून पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर, चढवा. खास मागितल्याशिवाय पिप (पायथनचं इन्स्टॉल करण्याचं साधन) अशी पूर्वआवृत्ती घेत नाही, त्यामुळे सामान्य वापरणाऱ्याला धक्का लागत नाही. मग रिकाम्या कंटेनरमध्ये (मशिनवरच्याच कोऱ्या, वेगळ्या वातावरणात), सोर्सचं फोल्डर जवळपासही नसताना, ते पॅकेज इन्स्टॉल करून चालवा. सुरुवातीला सांगितलेली टेम्प्लेटची फाइल इथे पहिल्या मिनिटात सापडली असती. तिथे आणखी एक धडा महागात शिकलो: पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल काढून टाकली तरीही. म्हणजे ‘गुपचूप बदलून टाकू’ हा पर्याय नाही. आमचं २.० तसंच मोडकं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी २.०.१ काढावं लागलं.

पायरी ७: रिलीजचा दिवस

हा दिवस कंटाळवाणा व्हावा अशी तयारी करायची. करायच्या कामांची यादी फाइलीत असू द्या, डोक्यात नको. क्रमांक बदला, चेंजलॉगवर (बदलांच्या यादीवर) तारीख घाला, टॅग, बिल्ड, चढवणं, रिकाम्या मशिनवर उतरवून पाहणं, वेबसाइटवरचं डॉक्युमेंटेशन आणि सगळ्यात शेवटी घोषणा. घोषणा आधी आणि पॅकेज नंतर असं केलं तर मधल्या अर्ध्या तासात येणारे संदेश वाचवत नाहीत.

चेंजलॉग त्या दिवशी लिहायला बसू नका. प्रत्येक पुल रिक्वेस्टबरोबर एक ओळ मागून घ्या. तीन महिन्यांपूर्वीच्या कमिटवर ‘छोटी दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं असतं आणि ती दुरुस्ती कसली, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

पॅकेज चढवायचे अधिकार किमान दोघांकडे हवेत, आणि दुसऱ्याने ते एकदा तरी वापरलेले हवेत. कँडिडेट त्याच्याकडून चढवून घ्या, म्हणजे सराव होतो.

क्रमांकाचं फार डोक्याला लावून घेऊ नका. जुनं मोडत असेल तर पहिला आकडा, नवं आलं तर दुसरा, फक्त दुरुस्ती असेल तर तिसरा. हा संकेत बहुतेकांना कळतो. वर्ष-महिना हवा असेल तर तोही चालतो, लिब्रेऑफिसही २४.२ पासून तसंच करतं. एक निवडा आणि मग बदलू नका.

पायरी ८: रिलीजनंतरचे दोन आठवडे, आणि अचानक येणारं संकट

वेळापत्रकात ३० जूनला २.४.१ मुद्दाम ठेवलं आहे. ती हार नाही. पाच-सहा जणांनी केलेल्या तपासणीतून जे सुटतं ते हजार जणांच्या वापरात सापडतंच. तारीख आधी ठरलेली असली की पहिल्या तक्रारीला घाबरून त्याच रात्री काहीतरी घाईचं बाहेर काढलं जात नाही. दोन आठवड्यांच्या तक्रारी गोळा करून एकदाच नीट काढता येतात.

सुरक्षेची गोष्ट मात्र वेगळी, ती कॅलेंडर बघून येत नाही. तेव्हा एकच नियम: शेवटच्या रिलीजच्या टॅगवरून ब्रांच काढा, फक्त ती दुरुस्ती घाला, दुसरं काही नाही. मेनमध्ये पडलेलं महिनाभराचं नवं काम सोबत पाठवलंत तर लोक अपग्रेड करायला कचरतात आणि भोक उघडंच राहतं. घाईत पहिल्या फटक्यात सगळं बुजतंच असंही नाही. लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीमधलं भोक उघडकीला आलं तेव्हा, डिसेंबर २०२१ या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या आल्या. आणि ठरलेल्या दिवसालाही ठेच लागते: पोस्टग्रेसचं १७.१ नोव्हेंबर २०२४ च्या दुसऱ्या गुरुवारी आलं, त्यातल्या एका बदलाने काही एक्स्टेन्शन अडचणीत आली, आणि पुढच्याच गुरुवारी १७.२ आलं. पुढचा ठरलेला दिवस फेब्रुवारीत होता; त्याची वाट पाहिली नाही.

जुन्या आवृत्त्या किती दिवस सांभाळणार, हेही त्याच फाइलीत लिहा. पोस्टग्रेस प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळतं, पण त्यांच्यामागे तेवढी माणसं आहेत. तुम्ही ‘चालू आवृत्ती आणि तिच्या मागची एक’ एवढंच म्हणा. द्यायला जमणार नाही ते वचन देऊ नका, कारण ते मागे घेणं फार कठीण: पायथन २.७ ला २०१५ मध्ये निरोप द्यायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात तो १ जानेवारी २०२० ला मिळाला.

दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, आणखी एक छोटं काम. वेळापत्रकाच्या फाइलीत प्रत्येक ओळीपुढे खरी तारीख आणि खरे लागलेले तास लिहा. आठवड्याने आठवत नाही, म्हणून लगेच. आमच्या फाइलीत ‘रिकाम्या मशिनवर तपासणी’ या ओळीपुढे अंदाज होता एक तास. पहिल्या वेळी लागले सात, कारण तिघांपैकी कोणाकडेच विंडोजचं मशिन नव्हतं आणि ते मागून आणण्यात दुपार गेली. पुढच्या चक्रात कँडिडेटच्या आदल्या सोमवारी एक नवी ओळ आली: ‘विंडोजवालं मशिन कोणाकडे आहे, विचारा.’